खाडीत गळ टाकायला जाताय? आधी तिथी बघा

पहिल्यांदा मी मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत गळ टाकायला गेलो तो शनिवार होता, आणि शनिवार होता म्हणूनच गेलो होतो. देवबागच्या होडीवाल्याने फोनवर सांगून पाहिलं होतं, "शनवारी पाणी नाय हा. मंगळवारी येवा." मला वाटलं, शनिवारी त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक असणार. शिवाय मंगळवारची रजा कोण देणार? हट्ट करून गेलो. सकाळी सहापासून साडेअकरापर्यंत कांदळाच्या (खारफुटीच्या) कडेकडेने फिरलो, खांदा दुखेपर्यंत फेकी टाकल्या, आणि हाताला लागला तो वीतभर लांबीचा एक शिंगाळा. पाणी तळ्यासारखं पडून होतं. उतरताना होडीवाला "सांगितलं होतं ना" असं काही म्हणाला नाही. होडी बांधता बांधता एवढंच बोलला, "परत येतलात तेवा तिथ बघून येवा."

त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला काय बिघडतं हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहितोय. रॉड हातात कधी धरला नाही, पण गाईड घेऊन कोकणात किंवा गोव्यात खाडीतल्या मासेमारीला एकदा जाऊन यायचं आहे, अशांसाठी हे आहे. जाळं, ट्रॉलर, खोल समुद्र यांचा इथे संबंध नाही. लहान होडी, दोन-तीन माणसं, एक गळ आणि खारं-गोडं मिसळलेलं पाणी, एवढाच पसारा.

कुठे आणि कधी

सह्याद्रीतून उतरणारी जवळजवळ प्रत्येक नदी समुद्राला मिळण्याआधी काही मैल खाडी होऊन पसरते. उत्तरेला रेवदंड्याची कुंडलिका, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री. खाली विजयदुर्गची वाघोटण, आचऱ्याची खाडी, कालावलची गड नदी, देवबागची कर्ली, मग तेरेखोल. आणि गोव्यात शापोरा, मांडवी, झुआरी, साळ. नवख्याने सुरुवात सिंधुदुर्गात किंवा गोव्यात करावी असं माझं मत आहे. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला अर्धी खाडी म्हणजे गुडघाभर चिखल असतो आणि उरलेल्या अर्ध्या खाडीत ओढ सोसवत नाही. मालवण-गोव्याकडे हाच चढउतार उधाणालाही दोन-अडीच मीटरच्या आसपास राहतो. होडी दिवसभर कुठे ना कुठे तरंगते, शिकायला सवड मिळते.

मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात खाडी गोडी आणि लाल होते, वरून ओंडके वाहत येतात, आणि खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदीही असते. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात तोंडाशी मोठे जिताडे लागतात ही गोष्ट खरी आहे, पण ते स्थानिकांचं काम. पाऊस सरल्यावर पाणी हळूहळू निवळतं आणि खारं होत जातं, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ मला सगळ्यात आवडतो. जानेवारीत पाणी गार पडलं की जिताडा सुस्तावतो, तेव्हा मुडदुशी आणि पालू यांच्यामागे जावं. मार्चपासून तांबोसा पुन्हा अंगात येतो. मे महिन्यात मासा चांगला लागतो, पण दहा वाजल्यानंतर माणूस लागायच्या अवस्थेत राहत नाही.

दिवस ठरवणं

लेखातला हा भाग दोनदा वाचा, बाकीचं गाईड सांगेलच.

खाडीतला मासा पाण्याबरोबर हलतो. भरती चढली की पाणी कांदळाच्या मुळांत शिरतं, त्याच्याबरोबर कोळंबी, बोयीची पिल्लं, लहान खेकडे आत जातात. आत त्यांना खाणंही मिळतं आणि लपायला जागाही. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की ते पाणी ओहळांमधून बाहेर यायला लागतं आणि लहान जीवांना त्याच्याबरोबर बाहेर पडावंच लागतं. नेमक्या त्या ओहळांच्या तोंडाशी मोठा मासा उभा असतो, तोंड प्रवाहाकडे करून. तो कष्ट करत नाही, पाणी त्याचं ताट वाढून आणतं. आता पाणी हललंच नाही तर ताट येत नाही आणि मासाही उभा राहत नाही. माझ्या अष्टमीला हेच झालं होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, सप्तमी ते नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढउतार, हे किनाऱ्यावरच्या पोराला पाठ असतं. उधाणाचा जोर तिथीच्या दिवशीच नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवस राहतो. भांगाच्या दिवसांत मालवणकडे पाणी मीटरभर किंवा त्याहूनही कमी हलतं. मग उधाणालाच जावं का? तेही नको, निदान पहिल्या वेळी नको. उधाणाच्या ऐन भरात पाणी चिखल उकरून आणतं, ल्युअर (नकली आमिष) माशाला दिसत नाही, होडी एका जागी ठरत नाही. बरे दिवस मधले: पंचमी-षष्ठी आणि द्वादशी-त्रयोदशी. दोन्ही पक्षांतल्या धरल्या तर महिन्यातून आठेक दिवस हाती येतात.

आता वेळ. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बराच जुळतो. मालवण-गोव्याकडे भरती त्याआधी सुमारे तासभर येते. उलट, खाडीच्या तोंडापासून जितके आत जाल तितकी ती उशिरा पोचते. म्हणजे पंचमीचे पावणेचार येतात, देवबागला पावणेतीन धरा, आणि वर नेरूरपारच्या बाजूला गेलात तर आणखी थोडं पुढे. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्याच. पण पाऊणपटीचा फायदा असा की ऑफिसात बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तुम्ही पुढच्या महिन्याची रजा टाकू शकता.

हिशेबातून निघतं ते असं: पंचमी-षष्ठीला भरती दुपारी भरते, म्हणजे उन्हं कलताना सुकती लागलेली असते. संध्याकाळची फेरी घ्या. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरते, तेव्हा पहाटे निघालात की चढत्या पाण्याचा शेवट आणि सुकतीची सुरुवात दोन्ही मिळतात. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. देवबागच्या संगमावर नऊनंतर वॉटर स्कूटर, बनाना राइड, डॉल्फिनच्या होड्या असा काही कल्ला सुरू होतो की मासा सोडा, आपल्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही.

गाईड ठरवताना

तुम्ही होडीचं भाडं देत नाही. "आज कुठल्या ओहळावर किती वाजता" हे ज्याला माहीत आहे, त्याच्या माहितीचे पैसे देता. म्हणून फोनवर पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, "अमुक दिवशी यायचा विचार आहे, पाणी कसं आहे?" जो लगेच "या, या, कधीही या, मासा हमखास" म्हणतो, त्याला नमस्कार करून फोन ठेवा. जो थांबून "त्या दिवशी नको, दोन दिवस पुढे ढकला" म्हणतो, तो तुमचा माणूस. मी ज्याच्यावर पहिल्या दिवशी संशय घेतला, त्याच्याच होडीत आजही जातो.

मग पुढचं विचारा. फेरी किती तासांची आणि भरतीच्या कुठल्या टप्प्यात? दर होडीमागे की माणशी? रॉड-रील त्याचे की आपले? तुटलेल्या ल्युअरचे पैसे कोणाचे? (हा वाद शेवटी होतोच, आधी ठरलेला बरा.) लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील इतके आहेत का? प्रवासी न्यायची परवानगी आणि विमा आहे का? महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे, गोव्यात बंदर कप्तानाच्या कार्यालयाकडे. विचारल्याचा राग येणारा माणूस होडीवर नकोच. आणि मासा मिळाला तर तो कोणाचा, हेही. काही गाईड फक्त धरून सोडण्याच्या फेऱ्या करतात, काहींच्या घरी तोच मासा रात्री तुमच्या ताटात येतो.

होडीत दोन माणसं उत्तम, तीन चालतात. चौथा आला की गळ माशापेक्षा माणसांना जास्त लागतात. लहान मुलं न्यायची असतील तर पूर्ण फेरी घेऊ नका. दोन तास काळुंदरं आणि मुडदुशी धरायला सांगा. हाताला सतत काही तरी लागत राहिलं की मुलं रमतात. जिताड्याची वाट बघणं हा मोठ्यांचा आजार आहे.

सामान

थोडक्यात सांगतो, कारण नवखे इथेच सगळा वेळ आणि पैसा घालवतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्या गाईडचंच सामान वापरा. घ्यायचंच झालं तर सात फुटी मध्यम-भारी स्पिनिंग रॉड, तीन ते चार हजार नंबरचं रील, वीस ते तीस पौंडी ब्रेडेड दोर आणि पुढे हातभर-दीड हात चाळीस पौंडी लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर. लीडर जाडच हवा, कारण तांबोशाचे सुळे आणि कालवांची (मुळांना चिकटलेल्या शिंपल्यांची) धार दोन्ही बारीक दोर ठेवत नाहीत. एक गाठ घरी बसून नीट शिका, पालोमार पुरे. ल्युअर तीन पुरतात: उथळ बुडणारा मिनो, रबरी मासा आणि पृष्ठभागावर पाणी उडवणारा पॉपर.

अंगावर फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, आणि ध्रुवीकरण करणारा काळा चष्मा. चष्मा मिरवायला नाही, पाण्यावरची चकाकी कापून आतलं मूळ आणि रेव दिसावी म्हणून, आणि भरकटलेल्या गळापासून डोळे वाचावेत म्हणूनही. पायात मागे पट्टा असलेले सँडल. माणशी दोन-तीन लिटर पाणी. केळी नेऊ नका असं परदेशी मासेमार म्हणतात, आमचा होडीवाला मात्र रोज डझनभर केळी घेऊनच निघतो आणि त्याला मासाही मिळतो.

होडीत बसल्यावर

पहिली दहा मिनिटं रॉडला हात लावू नका. गाईड कुठे बघतोय ते बघा. तो कांदळाच्या भिंतीत खाच शोधत असतो, जिथून ओहळ येतो. पाण्यावर एक रेघ असते, एका बाजूला निवळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला मळकं, ती बघत असतो. बोयीची पिल्लं एकदम भुर्रकन उडाली तर त्यांच्या मागे कोण होतं, हे बघत असतो. आणि कान देऊन असतो: जिताडा पृष्ठभागावरचं भक्ष्य ओढून घेतो तेव्हा पाण्यात मडकं उपडं केल्यासारखा 'बुप' असा आवाज येतो. एकदा ऐकलात की रात्री झोपेतही ऐकू येईल.

झाडांची ओळखही करून घ्या, ती उपयोगी पडते. कमानीसारखी मुळं पाण्यात उतरवणारा तो कांदळ. तांबोसा, गोबरा याच कमानींत घर करून असतात. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढणारा तिवर. त्याच्या पुढ्यात उथळ पाणी असतं आणि भरतीला तिथे बोय चरायला येते. चिपीची एक जात आत गोड्या पाण्याच्या अंगाला जास्त.

फेकायचं तंत्र गाईड दाखवेल, पण दोन गोष्टी आधीच ऐकून ठेवा. एक, डोक्यावरून फेकू नका. होडीत मागे माणूस आहे. कडेने, कमरेच्या उंचीवरून, झाडांच्या फांद्यांखाली ल्युअर सरपटत गेला पाहिजे. फेकण्याआधी "टाकतोय" म्हणायची सवय लावा. दोन, पहिल्या दिवशी तुम्ही मासे कमी आणि झाडं जास्त धराल. त्याची लाज वाटून घेऊ नका. कर्लीतल्या काही कांदळांवर माझेच इतके ल्युअर लटकलेत की दसऱ्याला तोरण बांधायची गरज नाही. मात्र ल्युअर अडकला म्हणून फांदी मोडायची नाही. महाराष्ट्रात कांदळवनं तोडण्यावर बंदी आहे, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती राज्यभर पक्की केली. दोर ढिला करा, होडी जवळ न्या, हाताने सोडवा.

ल्युअर मुळाशी पडला की लगेच गुंडाळायला लागू नका. पडू दे, तरंग विरू दे, मग दोन वेळा टिचकी, थांबा, हळू ओढा, परत थांबा. नव्वद टक्के नवखे फार जोरात गुंडाळतात. गाईड सारखं "सावकाश, सावकाश" म्हणत असतो ते उगाच नाही.

जिवंत आमिषाने करायचं असेल तर गाईड पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) कोळंबी किंवा बोयीची पिल्लं धरून आणतो. गळ बहुधा सर्कल हुक असतो, टोक आत वळलेला. त्यात मासा लागला की हिसका द्यायचा नसतो. दोर ताणला जाऊ द्या आणि नुसतं गुंडाळा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सिनेमात बघून शिकलेला हिसका दिलात तर गळ तोंडातून सुटून येईल. ल्युअरला मात्र हिसका लागतो. हा फरक मला एक तांबोसा आणि दोन जिताडे गमावून कळला.

मासा लागला

तांबोसा लागला तर विचार करायला तीन सेकंद मिळतात. तो मुळांतून झेपावतो, घास घेतो आणि त्याच झेपेत परत मुळांकडे वळतो. एकदा आत शिरला की दोर कालवांवर घासून तुटतो. म्हणून त्याच्यासाठी ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच घट्ट हवा, रॉड उभा न धरता कडेला झुकवून ताण, आणि गाईड त्याच वेळी होडी मागे खेचतो. वितीदोनवितीचा मासा, पण पहिल्या वेळी हात थरथरायला लागतात.

जिताड्याचं वेगळं. तो मोकळ्या पाण्याकडे पळतो आणि उडी मारतो, हवेत डोकं झटकतो. त्या झटक्यात दोर ढिला पडला की ल्युअर परत तुमच्याकडे येतो, कधी कधी तोंडावर. दोर ताणलेला ठेवा आणि त्याला पळू द्या. ड्रॅगचा करकर आवाज ऐकून घाबरून रील हाताने धरू नका.

होडीशी आल्यावर मासा गाईडला घेऊ द्या. जिताड्याचे कल्ले वस्तऱ्यासारखे असतात, बोटं कल्ल्यात घालायची नाहीत, खालचा ओठ पकडायचा चिमटा मिळतो तो वापरायचा. शिंगाळा लागला तर आणखी सावध. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे, विषारी. टोचला तर ठणका दिवसभर राहतो. पाकटाला तर होडीत घेऊच नका, दोर कापा. त्याचा काटा लागला किंवा शिंगाळा टोचला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं. गळ हातात रुतला आणि त्याचा अडका (टोकाजवळचा उलटा काटा) आत गेला असेल तर ओढू नका, दोर कापून दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साधं कालवाने पाय कापला तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. खाडीचं कोमट पाणी जखमेला चांगलं नाही.

ठेवायचा की सोडायचा

मासा धरून परत सोडला हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग गेलास कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी शाकाहारी नाही आणि तांबोशाचं तिखलं मला अजूनही खाडीइतकंच प्रिय आहे. पण काही गोष्टी कळल्यावर हात आखडतो.

जिताडा, गोव्यातला चोणक, जन्मतो तो बहुधा नर म्हणून. काही वर्षांनी, ऐंशी सेंटिमीटर-मीटरभर लांबीच्या सुमारास, त्याची मादी होते. म्हणजे तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा जिताडा जवळजवळ नक्कीच मादी असणार, आणि खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात अंडी घालणारी तीच. फोटो काढा आणि तिला जाऊ द्या. तांबोशाचं उलट: त्याचं लहानपण खाडीत जातं आणि मोठा झाल्यावर तो समुद्रातल्या खडकांकडे निघून जातो. खाडीतले बहुतेक तांबोसे अजून वयात यायचे असतात. घरी न्यायचाच तर एक न्या, पिशवीभर नको. आणि शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांसारखी अंडी दिसली तर तो बाप आहे, बरेच दिवस उपाशी राहून तो ती तोंडात उबवतो. त्याला ताबडतोब सोडा.

काळुंदर मुबलक असतं आणि तव्यावर उत्तम लागतं. जेवणासाठी मासा हवा असेल तर गाईडला तसं आधी सांगा, शेवटचा अर्धा तास तो काळुंदरांवर नेईल. कायद्याचंही थोडं ध्यानात असू द्या: महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिले आहेत. ते व्यावसायिक मासेमारी डोळ्यांसमोर ठेवून असले तरी आपण पिल्लं न्यायला तो काही परवाना नाही.

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट नाही, उभा लटकवणं नाही, फोटोसाठी पाण्याबाहेर जेमतेम तुमचा श्वास रोखून धरता येईल इतकाच वेळ. मग पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरायचा. शेपटी जोरात मारली की हात आपोआप सुटतो.

दुसऱ्याचं पाणी

खाडी रिकामी दिसली तरी ती कोणाची तरी रोजीरोटी आहे. थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे, त्यावरून फेकू नका. छातीभर पाण्यात पाग घेऊन उभा असलेला माणूस दिसला की इंजिन बंद करून लांबून जा. सुकतीला रेवेवर बायका तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढत असतात, तिथे होडीच्या लाटा नकोत. गोव्यात खाजणांच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या) मानशीवर, म्हणजे भरतीला आपोआप मिटणाऱ्या आणि ओहोटीला उघडणाऱ्या दारांवर, पाणी असं काही धावतं की गळ टाकायचा मोह होतोच. पण मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावात घेतलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे दोर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेतले आंबे पाडणं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं. तिथे कुठे गळ चालतो आणि कुठे नाही, हे गाईडकडून आधी ऐकून घ्या. वाशिष्ठीत आणि गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे होडीच्या कडेवरून हात-पाय पाण्यात सोडून बसायचं नाही. खाडीच्या तोंडाशी जाणार असाल तर आदल्या रात्री इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा) उंच लाटांचा इशारा आहे का ते पाहा. असेल तर आतल्याच अंगाला फिरायचं, गाईडला गळ घालायची नाही.

परतल्यावर

रॉड-रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, रीलवर जोरात फवारा मारू नका, मीठ आत जातं. ल्युअरचे गळ पुसून सुकवा. गाईडला मासा मिळाला म्हणून नव्हे, चांगलं पाणी दाखवलं म्हणून बक्षिशी द्या.

आणि एक वही करा. तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, कुठला ओहळ, काय लागलं, कशाला लागलं. पाच-सहा फेऱ्यांत ती वही कुठल्याही मोबाइल ॲपपेक्षा जास्त बोलायला लागते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"कार्तिक वद्य पंचमी. भरती पावणेतीन, सुकती सव्वातीनला धरली. पाणी हिरवट, हातभर खोल दिसतंय. तिसऱ्या ओहळावर साडेचारला तांबोसे दोन, रबरी माशाला. एक सोडला. तिसरा मोठा होता, मुळात गेला, ल्युअर तिथेच. होडीवाला हसला. परत येताना काळुंदरं सात."